मागच्या तारखेचे परबकाका

आमच्या ऑफिसात कुठलंही सॉफ्टवेअर बसवायच्या आधी परबकाका गाऱ्हाणं घालतात. सर्व्हर रूमच्या बाहेर चपला काढतात, की-बोर्डसमोर हात जोडून उभे राहतात आणि अस्सल मालवणीत सुरू करतात, "बा देवा म्हाराजा, ह्या काम आज सुरळीत पार पडांदे रे म्हाराजा!" मागून आपण "होय म्हाराजा" म्हणायचं. नाही म्हटलं तर ते बटण दाबत नाहीत. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या काचेच्या इमारतीत, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले गुजराती, तमिळ आणि पंजाबी इंजिनिअर एका सुरात "होय म्हाराजा" म्हणताना मी ऐकलेत.

मी परबकाकांची टीमलीड. पदाने वर, वयाने पंचवीस वर्षांनी खाली. त्यामुळे ते मला "मॅडम" म्हणतात आणि पाठोपाठ "अगं" जोडतात, म्हणजे हिशेब सरळ.

बटण दाबलं की काका बसत नाहीत. सर्व्हर रूम ते पॅन्ट्री, पॅन्ट्री ते जिना, जिना ते सर्व्हर रूम, अशा फेऱ्या सुरू. दर फेरीला अर्धा कप चहा, तोही उभ्यानेच. "आपण बसलो की तो पण बसतो," हे त्यांचं शास्त्र. 'तो' म्हणजे सॉफ्टवेअर. वाटेत कुणी "झालं का?" विचारलं तर त्याच्याशी दिवसभर अबोला. नव्या मॅनेजरने एकदा विचारलं आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर किती बसलं ते दाखवणारी पट्टी नव्याण्णव टक्क्यांवर अडकली. तो बिचारा अजून दुसऱ्या जिन्याने जातो.

आता ज्या सॉफ्टवेअरची ही गोष्ट, ते काय, ते सांगते. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात पंधरा-वीस कॉम्प्युटर चालतात. हाताला लागणारे नव्हेत, नुसते आत थाटलेले. त्यांना चालू-बंद करणारं, त्यांच्यावर नजर ठेवणारं एक सॉफ्टवेअर असतं. आमचं इतकं म्हातारं की ज्यांनी बनवलं त्यांनीही अंग काढून घेतलंय.

गेल्या मंगळवारी सकाळी घाटकोपरच्या एका लॅबचे रिपोर्ट यातल्या ज्या कॉम्प्युटरवरून निघतात, तो गोठला. बंद करून चालू करायचा, एवढंच काम. पण ते म्हातारं उघडेचना. काका रजेवर, मानखुर्दला घरी. मी शहाणपणा केला, म्हटलं काढून टाकू आणि परत बसवू. निघताना ते मुकाट निघालं. बसवताना मात्र शेवटच्या टप्प्यावर यायचं, लाल अक्षरं दाखवायचं आणि केलेलं सगळं पुसून टाकायचं. तीनदा. लॅबमधून फोनावर फोन. पेशंट खोळंबलेत, रिपोर्टशिवाय डॉक्टर औषध बदलायला तयार नाहीत. गाऱ्हाणं न घालता केलं म्हणून असेल का, असंही मनात येऊन गेलं, आणि मी देवबिव मानत नाही.

शेवटी काकांना फोन केला. ते रिक्षाने आले, चपला काढल्या, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वाट लावलीस ना, मॅडम."

माझ्या तीन खेपांचा कचरा त्यांनी आधी झाडून काढला. मग दुखणं सांगितलं. त्या सॉफ्टवेअरसोबत एक सर्टिफिकेट येतं, त्याची मुदत केव्हाच संपलीय. बसताना ते आजची तारीख बघतं आणि नाही म्हणतं. उपाय म्हणजे त्याच्याशी खोटं बोलायचं, सर्व्हरचं घड्याळ मागे न्यायचं. एकदा बसलं की ते तारीख विचारत नाही. काकांनी क्षणभरही विचार न करता नऊ वर्षांपूर्वीचा एक दिवस टाकला. गाऱ्हाणं झालं. मी एकटीने, पण जोरात, "होय म्हाराजा" म्हटलं. मग फेऱ्या. या खेपेला मीही त्यांच्या मागे.

बसलं! मी म्हटलं, आता तारीख पुढे घ्या. बाकीचे कॉम्प्युटर याच घड्याळावर चालतात, त्यामुळे त्याशिवाय लॅबचं काम सुरू करता येत नव्हतं.

काका खुर्चीत बसले. "दोन मिनिटं थांब गं," म्हणाले.

"काका, तिकडे लोक खोळंबलेत," मी जवळजवळ ओरडलेच.

"हे मी पहिल्यांदा बसवलं ना, तो हा दिवस," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "बाबा आलेले. गिरणीत जॉबर होते ते, मागावरच्या कामगारांचे मुकादम. म्हणाले, तुझो कारखानो दाखव. इथे आणलं. त्यांनी रॅकवर तळवा ठेवला, कान लावला आणि म्हणाले, 'मशीन बरी चलता रे.' जन्मात तेवढं एकदाच चांगलं बोलले मला. त्याच वर्षी गणपतीनंतर गेले."

हे परत बसवताना दर वेळी ते हीच तारीख टाकत आले होते, आणि बटण दाबायच्या आधी ते घड्याळाशी काय करतात, हे आम्हाला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. पुढच्या महिन्यात नवं सॉफ्टवेअर येणार होतं. त्याला घड्याळ मागे न्यावं लागत नाही. त्या दिवसाकडचा हा त्यांचा शेवटचा फेरा होता आणि तो माझ्या चुकीने त्यांना मिळाला होता. तेवढ्यात घाटकोपरचा फोन पुन्हा वाजला. मी तो उचलला नाही. म्हटलं, "राहू दे काका, थोडा वेळ."

"नको," काका उठले. "रिपोर्टवर आजची तारीख लागते. तिथे कुणीतरी आपल्या बापाला घेऊन बसला असेल."

आणि वर्षाच्या आकड्यावर बोट ठेवून, एकेक वर्ष पुढे करत, त्यांनी तारीख आजवर आणली.