म्हशीच्या फोटोसाठी कॅमेरा निवडण्याची पद्धत

कमी पैशात चांगली वस्तू घेणं हे या जगातलं सर्वांत महागडं काम आहे. श्रीमंत माणूस दुकानात जातो, बोट दाखवतो आणि जेवायला घरी येतो. बेताचे पैसे असलेल्या माणसाला मात्र आधी ज्ञान मिळवावं लागतं, आणि ज्ञान फुकट मिळत असल्यामुळे ते संपता संपत नाही.

कोल्हापुरात ज्ञानाची टंचाई कधीच नव्हती. २००८ साली डीएसएलआर नावाचा जाडजूड कॅमेरा शहरात दिसू लागला, तेव्हा दर शंभर कोल्हापूरकरांमागे एकशे चार जणांना त्यातलं सगळं कळत होतं (वरचे चार इचलकरंजीहून सल्ला द्यायला आलेले). यांपैकी कॅमेरा हातात धरलेले किती, याची मोजदाद कुणी केली नाही. पोहायला शिकवायचं तर पाण्यात उतरावंच लागतं असं थोडंच आहे? काठावरून ओरडलं तरी भागतं.

अशा या जाणत्या शहरात, गंगावेशीजवळच्या एका गल्लीत जोतीरामतात्या राहत. दुधाचा धंदा, दावणीला तीन म्हशी, आणि त्यांतली चंद्री म्हणजे तात्यांचा जीव. तिची शिंगं पाठीवरून मागं इतकी लांब गेलेली की गोठ्यात वळताना ती आधी विचार करायची. दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मिरवतात, आणि सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलीवर मालक पुढे, त्याच्या मागं म्हैस, अशी दौड लावतात. त्या दौडीत चंद्री तात्यांच्या गाडीमागून सोडल्या बाणासारखी यायची. दोरी नाही, काठी नाही. नुसती हाक.

त्या वर्षीच्या पाडव्यानंतर गल्लीच्या तोंडाला एक फ्लेक्स लागला. शेजारच्या बाळासोंनी आपल्या म्हशीचा फोटो पुण्याच्या पुतण्याकडून, त्याच्या डीएसएलआरवर काढून घेतला होता. म्हशीच्या पापणीचा केस न् केस दिसत होता आणि मागचं सगळं, मोठ्या कॅमेऱ्यात होतं तसं, लोण्यासारखं धूसर झालं होतं. गल्लीनं माना डोलावल्या. तात्यांनी मात्र त्या धूसर भागाकडं नीट पाहिलं. तिथं एक तांबडा ठिपका होता, तो तात्यांचा फेटा. शेजारी काळा डाग होता, ती चंद्री.

माणूस अपमान गिळतो, पण म्हशीचा गिळत नाही. तात्यांनी त्याच दिवशी ठरवलं, पुढच्या पाडव्याला फ्लेक्स लागेल तो चंद्रीचा, आणि त्यात धूसर असेल बाळासो.

"अवो, त्या गुंडूला बोलवा की," तात्यांच्या पत्नी बायाबाई म्हणाल्या. गुंडूचा कोपऱ्यावर स्टुडिओ होता. "पन्नास रुपयांत काढंल. त्येचा क्यामेरा काय मेलाय व्हय?"

"पन्नास रुपयांच्या फोटुत मागचं समदं दिसतंय," तात्या म्हणाले. "मला मागचं दिसाय नको हाय."

दूध संघ दिवाळीला दुधाच्या दरातला जो फरक वाटतो, तो नुकताच हातात आला होता. त्यात थोडी घरची भर घालून वीस हजारांचं अंदाजपत्रक मंजूर झालं. (बायाबाईंचं मत विचारात घेण्यात आलं आणि तिथंच ठेवण्यात आलं.)

आता, मोलाची वस्तू एकट्यानं घ्यायची नसते हा म्हशीच्या बाजाराचा पहिला नियम. जाणती माणसं सोबत न्यायची असतात, म्हणजे पुढं दोष वाटून घेता येतो. त्याप्रमाणे निवड समिती स्थापन झाली. अध्यक्ष स्वतः तात्या. तांत्रिक सदस्य शिवशरण, हे कापडाचे व्यापारी. रोज नेट कॅफेत तासभर बसून कॅमेऱ्यांवरची भांडणं वाचायचे आणि गल्लीत येऊन उरलेली करायचे. परीक्षक सदस्य केरबा, जनावरांचा दलाल. वडगावच्या बाजारात केरबानं नुसत्या चालीवरून म्हशीचं दूध सांगावं आणि धार काढल्यावर ते तेवढंच निघावं, अशी त्याची ख्याती.

समितीनं कॅमेऱ्याचा सांगोपांग अभ्यास करून त्याची शास्त्रीय परिभाषा निश्चित केली. मेगापिक्सेल म्हणजे दूध. वजन म्हणजे अंग. जुना कॅमेरा घ्यायचा तर शटर किती वेळा पडलं ते पाहावं लागतं, म्हणजे कितवं वेत, किती वेळा व्याली, ते आलंच. कॅमेऱ्यासोबत जे लहानसं भिंग बांधून देतात, ते रेडकू. ही परिभाषा इतकी चपखल बसली, की म्हैस कळते त्याला कॅमेरा कळतो असा ठराव एकमतानं संमत झाला, आणि पुढचे सगळे घोटाळे याच एकमतातून निघाले.

पहिली पाहणी भाऊसिंगजी रोडवरच्या एका दुकानात झाली. केरबानं कॅमेऱ्याचं झाकण काढून जबड्यात पाहावं तसं आत पाहिलं, पाठीवर थाप मारली, बटण दाबून कान लावला आणि विचारलं, "खोड काय हाय?"

"दोन वर्षांची वॉरंटी आहे," विक्रेता म्हणाला.

"वारंटी ऱ्हाऊ दे वो पावणं. लाथ मारती का तेवढं सांगा की."

समाधानकारक उत्तर आलं नाही, तरी जनावर तोंडावरून गरीब दिसत होतं. मग केरबानं रीतीप्रमाणे खांद्यावरचा टॉवेल विक्रेत्याच्या हातावर टाकला आणि आतून त्याची बोटं धरली. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात. चारचौघांत कुणाची अब्रू जात नाही. विक्रेत्यानं दचकून हात मागं घेतला. समितीनं हा नकार समजून, रीतीप्रमाणेच, उठून चालू लागायचं ठरवलं. सौदा मोडून निघालेल्या गिऱ्हाइकाला मागून हाक येतेच. ती ऐकू यावी म्हणून समिती समोरच्या टपरीवर चहा घेत दुकान बंद होईपर्यंत थांबली. हाक आली नाही. शहरातल्या व्यापाराला रीतभात उरली नाही, अशी नोंद अध्यक्षांनी तोंडी घेतली.

त्यानंतर अभ्यासाला खरा वेग आला. शिवशरणांनी शोधून काढलं, की वीस हजारांचा कॅमेरा चांगलाच असतो, पण आणखी पाच टाकले की जो मिळतो त्याच्यापुढं वीसवाला म्हणजे डबडं. पंचवीसची जुळणी होईतो पावसाळा आला, आणि पंचवीसवाल्यालाही डबडं ठरवणारं नवं मॉडेल बाजारात आलं. नवं येणार म्हणून थांबायचं, आलं की जुनं स्वस्त होईल म्हणून थांबायचं, आणि जुनं स्वस्त झालं की आता ते कोण घेतो म्हणून पुढं सरकायचं, असा हा तपशीलवार कार्यक्रम गणपतीपर्यंत चालला. रेडकू समितीनं आधीच नापास केलं होतं. "त्या एवढ्याशा भिंगात काय धूसर हुतंय?" शिवशरण म्हणाले. "तात्या, लांब पल्ल्याची मोठी लेन्स घ्या. कळंब्याच्या तळ्यावरनं दाबलं तर इथल्या म्हशीचं नाक येतंय."

मोठ्या लेन्ससाठी पैसे कमी पडले, तेव्हा समिती तर्कशास्त्राकडं वळली.

मिरवणुकीत मालकानं गाडी चालवली तर फोटो कोण काढणार? म्हणजे तात्यांना गाडीवर बसता येणार नाही. मग गाडी हवी कशाला? मोटरसायकल विकली. आता गाडीच नाही म्हटल्यावर चंद्री पळणार कुणामागं? तिला गाडीवाला मालक लागणार. आणि फोटोसाठी म्हैस आपल्याच मालकीची असावी असा कायदा कुठं आहे? लग्नाचे फोटो काढणारा गुंडू काय प्रत्येक नवरीशी लग्न लावतो? शिवाय म्हैस किती वेतं जगणार? फोटो भिंतीवर कायमचा.

या युक्तिवादात समितीला कुठंही खोट सापडली नाही. चंद्री बाळासोंनी घेतली. रुमालाखाली बोटं दाबली गेली, भाव चांगला आला. विकलेल्या जनावराचं दावं द्यायचं नसतं, म्हणून तात्या ते हातात घेऊन घरी आले आणि न जेवता झोपले. दुसऱ्या दिवशी त्या पैशांत मोठ्या लेन्ससकट कॅमेरा घरात आला. बायाबाईंनी त्याचं खोकं उचलून पाहिलं.

"लई जड हाय," त्या म्हणाल्या. "दूध किती दील?"

पाडवा आला. चंद्रीची शिंगं रंगवलेली, कपाळाला मोरपिसांचा तुरा, पुढं फटफटत बाळासो. तात्या भिंतीला पाठ लावून, नळकांड्याएवढी लेन्स डोळ्याला लावून उभे. अंतर अगदी शिवशरणांनी सांगितलं होतं तेवढं. फक्त चंद्रीचं तोंड पलीकडं होतं. फोटोत नजर कॅमेऱ्याकडं हवी, म्हणून तात्यांनी हाक मारली.

चंद्रीनं मान वळवली. मग बाळासोंची गाडी सोडली, गर्दी सोडली आणि सरळ तात्यांकडं आली. हातभरावर उभी राहून तिनं लेन्स हुंगली. मोठ्या लेन्सला चार-पाच फुटांच्या आतलं दिसत नाही, हे कुठल्याच म्हशीच्या बाबतीत घडत नसल्यामुळे समितीच्या ध्यानात आलं नव्हतं. मागं सरकायला भिंत. कॅमेरा घर्रऽऽ करून पुढं गेला, मागं आला, पुन्हा पुढं गेला. तात्यांचे डोळे भरून आले होते, बोट मात्र बटणावर होतं. शेवटी कॅमेऱ्यानं आपल्या बुद्धीनं लांबचं काय ते निवडलं आणि फोटो निघाला. त्यात बाळासो गाडी थांबवून वळून बघताना आले होते, मिशीचा केस न् केस वेगळा. पुढ्यात चंद्री होती, काळ्या धुरासारखी. बाळासोंनी येऊन तिला नेलं.

फोटो बाळासोंना अतिशय आवडला. त्या वर्षीच्या फ्लेक्सवर तोच लागला, खाली बारीक अक्षरांत तात्यांच्या नावासकट. येणारेजाणारे थांबतात, माना डोलावतात आणि गोठ्याशी येऊन तात्यांकडं चौकशी करतात: शेवटी घेतला तो कॅमेरा कुठला? कंपनी कोणती? केवढ्याला पडला? सध्या त्याहून चांगला आलाय का?

चंद्री कशी आहे, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. तुम्हीही मघापासून कंपनीचं नावच शोधताय.