तेरावा माणूस

हनमकोंड्याच्या वाचनालयाचे ग्रंथपाल कोदंडरामय्या यांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. त्यात प्रश्नही एकच होता: 'आपल्या इमारतीत रोज किती माणसं असतात?'

पत्र हरित इमारतींना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाचं होतं. खरं उत्तर होतं अकरा. पण अकरा लिहिलं तर विश्वस्त म्हणणार, अकरा म्हाताऱ्यांना एवढा हॉल कशाला, लग्नांना देऊन टाकू. म्हणून ते पत्र तीन महिने शब्दकोशात 'अ'पाशी दडून होतं.

चिटणीस लिंगारेड्डींना असली भीती ठाऊक नव्हती. "साठ गुण झाले की सुवर्ण पाटी. पाटी लागल्यावर हॉलला हात लावायची कुणाची छाती आहे?" असं म्हणून त्यांनी अर्जात परस्पर ठोकून दिलं: दोनशे.

कोदंडरामय्यांचा चष्मा घसरला. "रेड्डीगारू, दोनशे तर आपल्याकडे खुर्च्यासुद्धा नाहीत."

"मास्टर, तुम्ही पुस्तकं सांभाळा. माणसं मी आणतो."

परीक्षक स्रवंतीबाई यायच्या त्या सकाळी दारात दोन ट्रक उभे राहिले. राजकीय सभांना माणसं पुरवणाऱ्या यादगिरीचे! पुलिहोराच्या, म्हणजे चिंचेच्या भाताच्या, पुड्या वाटल्या गेल्या आणि दोनशे माणसं हॉलमध्ये ठासली. एका खुर्चीत दोघं, खिडक्यांत तिघं. प्रत्येकाच्या हाती पुस्तक, काहींचं उलटं. तरी कोदंडरामय्यांना भरून आलं. एवढी पुस्तकं एकदम कपाटाबाहेर त्यांनी फक्त वाळवी लागली तेव्हा पाहिली होती.

स्रवंतीबाईंनी उंबऱ्यात पाऊल टाकलं मात्र, पुढच्या रांगेतल्या एकाची मूठ सवयीने वर गेली. "वाचनालय!"

"जिंदाबाद!" दोनशे कंठ गरजले.

"इथे शांतता पाळतात ना?" बाईंनी विचारलं.

"एरवी पाळतात," लिंगारेड्डी म्हणाले. "आज जरा वाचन रंगात आलंय."

बाईंनी वहीचं पान उलटलं, टाळ्या पडल्या. त्यांनी हवा मोजायचं यंत्र टेबलावर ठेवलं; ते लाल होऊन कोकलू लागलं. त्यालाही टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून कुणी ओरडलं, "अन्ना, नळाला पाणी नाही!" पावसाचं साठवलेलं पाणी, ज्याचे पाच गुण धरले होते, पुलिहोराचे हात धुण्यात संपलं होतं.

"आम्ही नुसती इमारत मोजत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "माणशी हवा, माणशी पाणी, माणशी उजेड मोजतो. दोनशेंत वाटलं की तुमचे गुण होतात एकतीस."

लिंगारेड्डी भिंतीला टेकले. कोदंडरामय्यांनी शब्दकोश उघडला, पत्र काढलं आणि गुन्हा कबूल करावा तसं म्हणाले, "अकरा, अम्मा. खरे अकरा."

बाईंनी पुन्हा हिशेब केला. "एकोणसाठ. राजवाड्यातही माणशी एवढी हवा नसेल. वीसपर्यंत तिला धक्का नाही. एकच गुण उरतो: दर बारा माणसांमागे एक जण सायकलने यायला हवा. तेरावा आला की दुसरी सायकल. येतं का कुणी?"

अकराही वाचक आपापल्या गुडघ्यांकडे पाहू लागले.

"आठ दिवसांत लेखी कळवा," असं सांगून बाई गेल्या.

दुसऱ्या दिवशी ट्रकमधली एल्लम्मा दारात हजर. "सारू, काल ते पुस्तक हातात दिलंत. चाळीस पानं झाली आणि ट्रक सुटला. त्या पोरीचं पुढं काय झालं?"

"आज कशाने आलीस?"

"सायकलने. ट्रक काय रोज येतो व्हय?"

कोदंडरामय्यांनी तिला पुस्तक दिलं आणि उत्तर लिहिलं: 'बारा. सायकल एक.' पाकीट चिकटवता चिकटवता ते थबकले. रोज सकाळी खिडक्या कोण उघडतं? संध्याकाळपर्यंत टेबलाशी कोण बसतं?

"रेड्डीगारू, मी मला मोजलंच नाही."

"अहो, तुम्ही माणूस कुठे? तुम्ही ग्रंथपाल. टाका ते पत्र!"

पण खोटा आकडा काय करतो ते त्यांनी पाहिलं होतं. पत्र आठव्या दिवशी गेलं. त्यात लिहिलं होतं: 'तेरा. सायकली दोन. दुसरी अजून अधूनमधून पडते.'

उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता, म्हणून कोदंडरामय्यांनी ते पेटीत डाव्या हाताने टाकलं.