ड्रेगर चीजवाल्यांनी लोणच्याचा कारखाना एका चुलीस लाविला, त्याची हकीकत

ईश्वरें पृथ्वी निर्मिली, पृथ्वीवर गायी निर्मिल्या, गायींपासोन चीज जालें, चीजपासोन नफा जाला आणि नफ्याचे वासावर कर जाला. तो कर बुडविणें अधर्म. परंतु एकच कर दोनदा भरणें हा शुद्ध गाढवपणा, ऐसें विस्कॉन्सिनचे उत्तरेकडील मुलखीं लहानथोर सर्व जाणतात.

त्या मुलखीं ड्रेगर चीज कंपनीचे अध्यक्ष लायल ड्रेगर यांनी डिसेंबरांत काकडीचे लोणच्याचा कारखाना सबंध खरेदी केला. चीजचा नफा थेट कुटुंबाचे नांवें पडे आणि कर एकदाच बसे; परंतु कारखाना सरकारदफ्तरीं वेगळी चूल, तेथें आधीं कारखान्यानें भरावा आणि मग कुटुंबानें पुन्हा भरावा. चूल एक करावयाचा अर्ज पंधरा मार्चपावेतों टपालांत न पडे, तर जानेवारीपासोनची सवलत बुडाली. वकिलानें मेहनताना भारी मागितला, तेव्हां कंपनीचे दफ्तराची कारभारीण मार्लिस वोयटास, एकतीस वर्षें चाकरींत मुरलेली, हिनें भर सभेंत विडा उचलिला कीं हें काम मी करितें. वकील हंसला. तें हंसणें बाईचे काळजांत रुतलें.

पुढें पंधरा मार्च उजाडला. अर्ज सिद्ध, सही मात्र नाहीं. आणि खासे अध्यक्ष गोठलेले सरोवरावर खोपटांत, बर्फास भोंक पाडोन गळ टाकोन बसलेले, फोन त्यांचे ट्रकमध्यें. मग बाईनें अर्ज कोटांत घालोन कूच केलें आणि बर्फावर दोन वेळां आपटोन अडीच वाजतां खोपटावर चाल केली.

"मार्लिस, दार लाव गं, थंडी आत येतेय."

"लायल, सही कर. साडेचारला पोस्टाची खिडकी बंद होते."

"इथे ऑफिसचं नाव काढायचं नाही. बाबांचा नियम. आलेल्या माणसानं आधी एक मासा काढायचा, मग काय ते बोलायचं."

"तुझ्या बाबांना आता कर भरावा लागत नाही!"

परंतु थोरले ड्रेगर यांचा नियम त्यांचे मृत्यूपश्चातही कोणीं मोडिला नव्हता. सबब बाईनें दांतओठ खाऊन गळ हातीं घेतला आणि तीन वाजले, आणि सवातीन जाले, आणि मासे बेइमान. बाईचे डोळां पाणी आलें; तिनें तें थंडीचे माथीं मारिलें. साडेतीनास दोरी हालली आणि करंगळीएवढा एक पर्च मासा वर आला.

"हा मासा? अगं, हे तर तान्हं बाळ आहे!"

"नियमात लांबी लिहिलीय का? नाही ना? मग कर सही."

अध्यक्षांनी लेखणी उचलिली. तों लेखणींतली शाई गोठलेली! मग बाईनें लेखणी काखेंत धरोन ऊब दिली आणि सही जाली. हुद्द्याचे रकान्यांत अध्यक्ष "बॉस" लिहूं लागले, तों बाईनें मनगट धरोन "अध्यक्ष" ऐसें लिहविलें. मग बाईनें आपला ट्रक दौडविला आणि चार वाजोन सत्तावीस मिनिटांस टपालाचे खिडकीवर पोहोंचोन, तारखेचा शिक्का आपले डोळ्यांदेखत मारविला आणि पावती घेतली.

त्याउपरि दोन महिने बाईस अन्न गोड लागेना. सही फिकी तर नाहीं, रकाना चुकला तर नाहीं, ऐसा घोर. मे महिन्यांत सरकारचा खलिता आला. त्यांत हुकूम कीं, अर्ज कबूल. एक जानेवारीपासोन हा लोणच्याचा कारखाना कराचे कामीं वेगळा म्हणोन अस्तित्वांतच नाहीं.

बाईनें तें तीनदां वाचिलें, मग खुर्चीवर बसोन मनमुराद रडली. खिडकीपलीकडे अस्तित्वांत नसलेले कारखान्याची चाळीस माणसें जेवणाचे सुटींत उन्हांत बसोन डबे खात होतीं, आणि त्यांस कांहींच खबर नव्हती. येणेंप्रमाणें मार्लिस वोयटास यांची फत्ते जाली, हें सत्य जाणोन लिहिलें असे.