गाडीत बैल, दोरीला मी

गाडीच्या पोटातलं मला जेवढं कळतं तेवढं आमच्या वस्तीत कोणालाच कळत नाही. (वस्तीत चारचाकी माझ्या एकट्याचीच आहे. बाकीच्यांनी समजून घेऊन करायचं काय?)

नागपूर जिथं संपल्यासारखं करतं आणि थोडं पुढं जाऊन पुन्हा सुरू होतं, तिथं आम्ही राहतो. एका अंगाला प्लॉट, दुसऱ्या अंगाला तूर. शेजारी मधुकरराव. त्यांच्याकडं अजून बैलजोडी आहे. माझ्याकडं जुनी पिकअप आहे. किती जुनी ते आरटीओला माहीत असेल, मी विचारायला जात नाही.

आमची बायको तुळसाबाई दरसाल मौद्याकडच्या सुताराकडून लाकडी बैल आणते, रंगवते आणि नागपूरच्या महाल भागात रस्त्याकडेला बसून विकते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं ते सजवून मिरवतात. तो दिवस गेला की लाकडी बैलाला कुत्रं विचारत नाही. उरलेले आमच्या पलंगाखाली जातात. (तिथं एक कळप आहे.) यंदा तिनं हिंमत करून दुप्पट बैल केले होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारीच ते गाडीत भरून, दोरीनं बांधून झाले. सकाळी लवकर निघून जागा धरायची होती. उशीर झाला तर जागा गेली, आणि जागा गेली की दुप्पट कळप पलंगाखाली.

संध्याकाळी मधुकरराव बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळत होते. खांदशेकणी. चोळता चोळता बैलांच्या कानात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी कुंपणावरून म्हणालो, "येऊन राहिलो जी. किती वाजता?"

"तुले नाही, बैलाले म्हणून राहिलो."

आता आमच्यात थोडं वाकडं आहे. मागच्या वर्षी मी त्यांना सांगितलं होतं, की सरकार बैलांनाही नंबर प्लेट लावणार आहे. त्यांनी दोन प्लेटा रंगवून आणल्या. तेव्हापासून ते माझ्याशी जपून बोलतात.

पण बैलांचं ते तूप पाहून मला माझ्या गाडीची दया आली. आपला बैल म्हणजे ही. हिच्या खांद्याला कोण तूप लावतं? दुसरा गिअर टाकला की कण्हते बिचारी. म्हटलं, गिअरचं ऑइल बदलून टाकू. नवं ऑइल घरात आणून पडलेलंच होतं.

तुळसाबाई म्हणाली, "आता काहून काढून राहिले हे? पोळा झाल्यावर करा ना जी."

"अर्ध्या घंट्याचं काम आहे वं."

"तुमचा अर्धा घंटा मले माहीत आहे. त्यात मोठ्या पोराचं लगन झालं."

मी गाडीखाली शिरलो. गिअरबॉक्सला दोन बोल्ट असतात. खालचा खोलला की जुनं ऑइल निघतं, बाजूचा खोलून नवं भरायचं. खालचा झटक्यात खुलला. काळंभोर ऑइल, सडक्या लसणाच्या वासाचं, घमेल्यात पडलं. थोडं माझ्या मिशीत. घमेलं भरलं. मी खालचा बोल्ट पुन्हा कसला आणि बाजूच्या बोल्टला पान्हा लावला.

हलेना.

जोर लावला. हातोडी मारली. छन्नी लावली. आईवरून एक शिवी दिली. शेवटी बोल्टचे सगळे कोने झिजून तो सुपारीसारखा गोल झाला, आणि जिथं होता तिथंच राहिला. वाचकहो, बाजूचा बोल्ट आधी खोलून पाहायचा असतो. मग खालचा. माणसानं पोटातलं काढण्याआधी तोंड उघडतं का ते पाहावं. (मी हे कुठं वाचलेलं नाही. पाचवीपर्यंत एवढं येत नाही.)

सकाळी मी नाक्यावरच्या मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "नट वेल्डिंग करून काढावा लागन. मशीन काही उचलून आणत नाही. गाडी इकडं आणा. अन् चालू नका करजा, गिअर खाऊन जाईन." वर म्हणाला, "दुपारी मी दुकान बंद करून सासुरवाडीले जातो."

माल ऑटोनं न्यावा तर ऑटोवाले सारे पोळ्यासाठी गावोगाव पांगलेले. तुळसाबाई ओट्यावर बसली आणि गाडीतल्या बैलांकडं पाहत राहिली. ती बोलत असली की मला काही वाटत नाही.

मी मधुकररावांकडं गेलो. बैल न्हाऊन, झुली घालून उभे.

"मधुकरराव, जोडी द्या ना. नाक्यापर्यंतच ओढायची आहे."

"पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू? पाप लागते गा."

"मंग मी का करू?"

त्यांनी मला वरून खाली पाहिलं. "काल तुयी खांदशेकणी झाली का?"

"नाही."

"मंग तुले चालते."

वस्ती गोळा झाली. मागून ढकलायला हात मिळाले, पण पुढं दोरीला कोणी येईना. ज्याला त्याला मी कधी ना कधी काहीतरी केलेलं. तुळसाबाई स्टिअरिंगवर बसली. गाडी तिला येत नाही, हॉर्न येतो. तो ती वाजवत होती.

मी दोरी खांद्यावर घेतली. मधुकररावांनी येऊन घुंगरमाळ गळ्यात घातली, आणि तिच्याखाली नंबर प्लेट अडकवली. जपून ठेवली होती हो माणसानं. त्यांच्या गोपिकावहिनी कुंकवाची ताटली घेऊन आल्या.

"वहिनी, मले नोको लावू."

"चूप राहा. बैल बोलत असते का?"

असा मी निघालो. गाडीत रंगवलेले बैल रांगेत बसून हवा खात होते आणि दोरीला मी. चढावर गाडी थांबली की मागून सगळे एका सुरात ओरडत, "हर्रर्र!" आणि वरून हॉर्न. नाक्यावर पोलीस उभा होता. त्यानं प्लेट वाचली आणि पुढं जायला हात दाखवला.

मिस्त्रीनं नट चिकटवला, पान्हा लावला, आणि त्या बोल्टनं एवढंसं किर्र करून वाट दिली. नवं ऑइल गेलं. तोवर मागून ढकलत आलेल्या मधुकररावांनी मला बैलांसाठीची पुरणपोळी भरवली. हातात नाही दिली. तोंडात.

महालात आमची जागा गेली नव्हती. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी मांजरासारखी गुरगुरत आली, पण ते कोणी ऐकलं नाही. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याच्या दुपारपर्यंत तुळसाबाई विकत होती. मी मागं पोत्यावर पडून खांदा शेकता शेकता तोंड उघडं टाकून झोपलो. डोळा उघडला तेव्हा ती चादर झटकत होती आणि चादरीवर काही नव्हतं.

मी उठून बसलो. जरा छाती काढून म्हणालो, "का वं? सारे बैल गेले ना?"

"एक राह्यला," ती म्हणाली. "दोन-तीन गिऱ्हाइकं आली होती जी. दात पाह्यले अन् वापस गेली."