शेवंतीची कांडी

साबूकंदाची जात ओळखण्यात पंचक्रोशीत माझा हात धरणारा कोणी नाही; म्हणूनच गेल्या मंगळवारी माझी बायको माझी सख्खी बहीण निघाली.

आमच्या गावात सोयरीक जुळवताना गोत्र बघत नाहीत, कंद बघतात. एका जातीचा कंद लावणारी घरं भावकी. नवरी माहेरची कांडी घेऊन येते आणि सासरच्या परड्यात लावते. शेवंतीला बघायला गेलो तेव्हा मी स्वतः तिच्याकडचा कंद मोडला, हुंगला आणि निकाल दिला, "ही तांबडी. आमची पांढरी. चालेल."

तेवढ्यावर संसार झाला.

मग कंद संशोधन केंद्राच्या निमकरबाई पानं गोळा करत आल्या. म्हणे, पानाच्या आतली मूळ खूण यंत्र वाचतं. मी म्हटलं, "बाई, यंत्राला नाक आहे का? आमच्या दोघांच्या झाडांची पानं न्या. चुकलं तर यंत्राला आमच्या गोठ्यात बांधा."

यंत्र चुकलं नाही. दोन्ही पानं एकाच झाडाची लेकरं. तांबडेपणा नुसता मातीचा होता.

"धाकूकाका, अभिनंदन," ग्रामसेवक म्हणाला. "या वयात बहीण मिळायला नशीब लागतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंतीला माझं नाक आलेलं होतं. दुपारी तिला आठवलं की आईने मला विहिरीवर बदडलं होतं. "बरं केलं होतं," असंही म्हणाली. मला 'अहो' म्हणायची ती 'दादा' म्हणायला लागली.

मुलाचा पुण्याहून फोन आला. "बाबा, आता तुम्हाला मामा म्हणू का?"

"म्हण," मी म्हटलं. "त्या निमित्ताने फोन तरी करशील."

हसतो आहे, पण घर खायला उठलं होतं. मी जेवून उठलो की उरलंसुरलं घेऊन चुलीपाशी बसणारी बाई आता ओट्यावर पाय पसरून बसायची. चूल थंड. चहासुद्धा माझा मीच केला, आणि नेहमीची थट्टा म्हणून सवयीने तिच्या कपात मीठ टाकायला गेलो तर कळलं, कप एकच मांडला आहे.

निमकरबाईंकडे धावलो. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "उपाय आहे. परजिल्ह्यातली जात देते. शेवंतीबाईंनी आपल्या हाताने लावली की त्या परक्या घरच्या. मग पुन्हा पत्नी. मात्र कोणी जबरदस्तीने लावून घेतली तर कांडी कुजते."

ओल्या गोणपाटात गुंडाळून कांडी आणली. वाटेत तिला दोनदा पाणीही पाजलं. शेवंतीच्या मांडीवर ठेवली.

"ही लाव. मुळं धरली की बायको होशील."

तिने कांडी उलटसुलट करून पाहिली. "आणि नाही लावली तर?"

"तर बहीणच राहशील."

"बहीण माहेरी आली की तिला आधी वाढतात ना?"

"वाढतात."

"जेवलीस का, असं कोण विचारतं?"

"भाऊ विचारतो."

तिने कांडी ओट्याच्या कडेला उन्हात ठेवली आणि पाय आणखी लांब केले.

"मग विचार की, दादा. लग्न झाल्यापासून वाट बघत्ये."