साळवे काकांना चूक हवी

बुऱ्हाणपूरच्या आमच्या लालबागेत साळवे काका दर शनिवारी संध्याकाळी घरोघर फिरून आपल्या चुका मागतात. दारात उभे राहून म्हणतात, "या आठवड्यात माझं काही चुकलं असेल तर सांगा. लिहाज करू नका, भीड नको."

काका नेपानगरच्या कागद कारखान्यातून रिटायर झालेले. दोन वर्षांपूर्वी एस्तेरकाकू वारल्या, तेव्हा तिथलं घर सोडून बुऱ्हाणपुरात आमच्या शेजारी एकटेच राहायला आले. ख्रिस्ती आहेत, रविवारचं चर्च चुकवत नाहीत. अडचण एवढीच, की त्यांच्या हातून काही चुकतच नाही. दारू नाही, तंबाखू नाही, भांडण नाही. नळ आला की पाइप आधी शेजाऱ्याच्या टाकीत सोडतात. अशा माणसाची चूक काढायची कुठून?

तरी लोक प्रयत्न करतात. समोरच्या केळीच्या व्यापाऱ्यानं एकदा सांगितलं, की तुमची स्कूटर माझ्या फाटकासमोर असते. काका खूश झाले. वाईट वाटून घ्यायचा त्यांनी बराच प्रयत्न केला आणि शेवटी मला म्हणाले, "नाही जमलं, सर. हे पाप देवाकडचं नाही, ट्रॅफिकवाल्यांकडचं आहे."

माझी बायको सुनीता, तिला दया आली. तिनं खोटंच सांगितलं, की परवा बाजारात तुम्ही मला ओळख दिली नाहीत. काकांनी माफी मागितली आणि मग त्यांना आठवलं, की परवा ते नेपानगरला गेले होते. "खोटी चूक चालत नाही, बेटा," म्हणाले आणि हिरमुसून गेले.

हे सगळं सुरू झालं पास्टरच्या एका प्रवचनापासून. पश्चात्तापाशिवाय तारण नाही, असं ते म्हणाले. काकांनी त्यांना बाहेर गाठून विचारलं, की आत काही टोचतच नसेल तर माणसानं काय करावं? पास्टर तरुण आहेत, भले आहेत. त्यांनी समजावलं, की क्षमा कमवावी लागत नाही, देवानं ती आधीच दिलेली असते. ती मनाला उमगली की माणूस आपोआप पस्तावतो. काकांना पटलं. पण आपोआप काही होईना.

मागच्या शनिवारी ते आले तेव्हा मी जरा वैतागूनच विचारलं, "काका, पापी व्हायची एवढी घाई कशाला?"

ते ओट्यावर बसले. काकूंबद्दल कधी बोलत नसत, त्या दिवशी बोलले. भाजी करपली तरी काकू प्रार्थनेत रडायच्या. काका शेजारी कोरडे उभे. काकू गेल्या त्या दिवशीही ते रडले नाहीत, आणि अजूनही रडू आलेलं नाही.

"ती तर आत गेलीच असेल, सर. मला दारातच थांबवलं तर? मी आल्याशिवाय ती ताटावर बसत नाही."

आत भाकरी थापणारी सुनीता पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"काका, एक चूक आहे तुमची. खरी. दोन वर्षं भिंतीपलीकडं एकटे जेवताय. आम्हाला एकदाही आवाज दिला नाही."

कुठे, कधी, हे विचारायला काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"हे चुकलं," ते म्हणाले.

आम्ही तिघं जेवायला बसलो. काकांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. त्या दिवशी ती फार लांबली. मध्येच त्यांचा आवाज बसला, पण डोळे उघडले नाहीत. भाकरी गार झाली, तरी आम्ही दोघांनी ताटाला हात लावला नाही.