गाड्यांचे नाखवा

आमच्या इमारतीतल्या बावीस मोटारींपैकी एकही उस्मान नाखवांची नाही. त्यांनी आयुष्यात कधी मोटारीचे चाक हातात धरलेले नाही आणि तशी इच्छाही कधी बोलून दाखवलेली नाही. तरीही सहा वर्षे त्यांनी हात वर केल्याखेरीज आमच्या आवारात एकही मोटार उभी राहिली नाही, की त्यांनी हात खाली केल्याखेरीज एकही बाहेर पडली नाही.

आमची इमारत उरणला खाडीच्या काठावर आहे. बाहेरच्या रस्त्यावर बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर रांगेने उभे असतात, त्यामुळे गाडी आतच लावावी लागते. आतली जागा एकामागे एक अशा तीन रांगा लावल्या तरच पुरे. मागची गाडी काढायची तर पुढच्या दोन हलवाव्या लागत, आणि त्यावरून सकाळी जी भाषा ऐकू येई ती इथे लिहिणे मला जमणार नाही. लाँचवर सारंग म्हणून, सुकाणू धरून, उभी हयात काढून नाखवा तळमजल्यावर राहायला आले. त्यांनी आठवडाभर हा गोंधळ पाहिला आणि म्हणाले, "यात काय अवघड हाय? धक्क्यावर जागा कमी असली की आमी होड्या अशाच लावायचो. पयली सुटनारी बाहेर. बस."

त्या दिवसापासून संध्याकाळी सहाला फाटकाशी त्यांची प्लास्टिकची खुर्ची येऊ लागली. डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा आणि लुंगी. गाडी आत शिरली की एकच प्रश्न : "उद्या कितीला सुटताय?" उत्तरावरून जागा ठरे. गाडीच्या पुढच्या भागाला ते नाळ म्हणत आणि हँडब्रेकला नांगर. खाडीकडचा कोपरा सखल आहे. अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या उधाणाला तिथे खारे पाणी चढते. त्यामुळे आमच्याकडे गाडी कुठे लावायची हे तिथीवर अवलंबून असे. "आज अष्टमी. भांगाची भरती, पानी वर येत नाय. बिनघोर लावा. नाळ खाडीकडं. येऊ दे, येऊ दे. टाका नांगर."

तिसऱ्या मजल्यावरचा मयूर बंदरात क्रेन चालवतो. नवी गाडी आणली त्या दिवशी तो काच खाली करून म्हणाला, "नाखवा, हिला तुमची गरज नाय. मागं कॅमेरा हाय. ती आपली आपण लागते."

"असं? मंग तिलाच इचार, उद्या कितीला सुटनार."

मयूरने निमूटपणे वेळ सांगितली.

कुठे जाणार, हे मात्र नाखवा कधी विचारत नसत. निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणू नये, हा आपल्याकडचा संकेत ते कसोशीने पाळत. पण नुसती वेळ सांगून माणसाचे समाधान होत नाही. "पाचला सुटतो नाखवा, पोरीची परीक्षा हाय," असे एक जण सांगे. "दहाला. सासूबाईंना आणायचंय. अकरा केले तरी चालतील," असे दुसरा. अशा रीतीने साऱ्या इमारतीचा उद्याचा दिवस आदल्या संध्याकाळी त्यांच्यापाशी जमा होई. त्यातला एक शब्दही त्यांनी दुसऱ्या कानी पडू दिला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या पाटलांनी एकदा नऊची वेळ सांगितली आणि निघाले साडेपाचला. दुसरीकडे नोकरीची मुलाखत होती आणि ती त्यांना लपवायची होती. पुढच्या दोन आणि त्यांना वाट द्यायला आणखी तीन, अशा पाच गाड्या हलवाव्या लागल्या, अर्धी इमारत अंथरुणातून उठून खाली आली. नाखवांनी पाटलांना बाजूला घेऊन एवढेच सांगितले, "वेळ खोटी सांगू नका. कारन खोटं चालंल."

शाळेतून निवृत्त झाल्यावर, नको म्हणण्याचे धैर्य न झाल्यामुळे, मी या सोसायटीची सचिव झाले. यंदा शेजारचा मोकळा भूखंड आम्हाला वापरायला मिळाला. पट्टे आखून, क्रमांक घालून प्रत्येकाला स्वतंत्र जागा द्यावी, असे सभेत ठरले. निर्णय योग्यच होता. इतिवृत्तात तो माझ्याच अक्षरात आहे. "पण नाखवांना कोण सांगणार?" असे कोणीतरी म्हणाले, तेव्हा सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

पहिल्या संध्याकाळी मी त्यांच्याशी हवेबद्दल बोलून परत आले. दुसऱ्या संध्याकाळी बोंबलांबद्दल बोलले, जे मी खात नाही. तिसऱ्या संध्याकाळी तेच म्हणाले, "बाई, पट्टे मारनारा रंगवाला सकाळी मलाच जागा दाखवायला घेऊन गेला. तुमी कशाला तरास करून घेता? बराबर हाय. जागा झाली, आता मधी मानूस कशाला?"

पट्टे वाळले. संध्याकाळी सहाला खुर्ची नेहमीप्रमाणे आली. गाड्या आपापल्या क्रमांकावर जाऊन उभ्या राहू लागल्या. "काय नाखवा, बरं ना?" असे विचारून माणसे जिना चढत. कोणी त्यांचा अनादर केला नाही. फक्त त्यांना सांगण्यासारखे कोणापाशी काही उरले नव्हते. चौथ्या दिवशी मी सज्जातून पाहिले, तर खुर्ची खाडीकडे वळलेली होती.

पाचव्या संध्याकाळी मी खाली गेले. माझी गाडी कोणाच्याही वाटेत नव्हती. "नाखवा, उद्या साडेसहाला सुटते मी," असे म्हणाले, आणि पुण्याच्या भावालाही जे कळवले नव्हते ते सांगून टाकले : पनवेलच्या दवाखान्यात एका गाठीत सुई घालून तपासणी व्हायची होती. हे मी केवळ त्यांना बरे वाटावे म्हणून सांगत आहे, अशी माझी समजूत होती.

सकाळी ते गाडीच्या डाव्या दाराशी उभे होते. पँट घातलेले नाखवा मी प्रथमच पाहिले. "एकट्यानं जायचं नसतं," म्हणून ते आत बसले आणि जासई गावापर्यंत प्रत्येक ट्रेलरला हाताने बाजूला सारत राहिले. मग हात मांडीवर ठेवून म्हणाले, "आमची जमिला कवा इचारायची नाय, कुठं जाता ते. लाँच सुटायच्या दिवशी दरवाज्यात उभी रायची, तोंड बंद. इचारू नये म्हनून. आनि तिनं इचारलं नाय म्हनून मी सांगितलं नाय. धक्क्यावर लिवून द्यायचो, इतक्याला सुटलो, इतक्याला येनार. घरात नाय." त्यांची पत्नी ते इथे राहायला येण्याआधीच वारली, एवढेच मला ठाऊक होते.

दवाखान्यात परिचारिकेने कागद पुढे ओढून विचारले, "सोबत कोण आलंय?"

नाखवा उठून उभे राहिले.

"नातं काय लिहू?"

त्यांनी टोपी नीट केली, थोडा विचार केला. "लिवा, बाहेर बसनारा."

तिने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. आतून नाव पुकारले गेले तेव्हा मी दारापर्यंत गेले, आणि तिथून परत आले.

"अर्धा तास लागेल," मी त्यांना म्हणाले. "फार तर पाऊण."

त्यांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि दारासमोरच्या बाकावर नीट सरसावून बसले.